आधी बंदरं, मग जहाज

क्रूझला जायचं ठरलं की पहिला वाद ठरलेला असतो: मोठं जहाज की छोटं? मी दोन्ही प्रकारच्या जहाजांवर राहिले आहे. नुकतीच सासूबाई, दीर-जाऊ आणि त्यांची मुलं अशा सगळ्यांसाठी नॉर्वेची सहल ठरवली, तेव्हा हा वाद पुन्हा मुळापासून घालावा लागला. त्या सगळ्या खटाटोपात माझं एक मत पक्कं झालं. जहाजाच्या आकाराचा पहिला संबंध किनाऱ्याशी असतो, जहाजावरच्या सोयींशी नंतर. आपण कुठे उतरणार, गावापासून किती लांब उतरणार आणि उतरल्यावर हातात किती तास उरणार, हे जहाज केवढं आहे त्यावर ठरतं. माहितीपत्रकात मात्र पहिल्या पानावर असतो तो पोहण्याचा तलाव.

माझी पहिली क्रूझ मोठ्या जहाजाची होती, बार्सेलोनाहून निघून पश्चिम भूमध्य समुद्रात फिरणारी. कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसासमोर ‘रोम’ असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात जहाज लागतं ते चिव्हितावेक्कियाला, आणि तिथून रोम सुमारे सत्तर किलोमीटर. सकाळी जहाज धक्क्याला लागलं, तरी सगळ्यांना एकदम उतरता येत नाही. गँगवेकडे, म्हणजे उतरायच्या फळीकडे, जाणारी रांग जिन्यापर्यंत आलेली होती. खाली उतरल्यावर बंदराची बस लार्गो देला पाचे नावाच्या थांब्यापर्यंत सोडते. तिथून स्टेशनपर्यंत चालायचं, तिकीट काढायचं, गाडीची वाट बघायची आणि मग तासाभराचा प्रवास. संध्याकाळी परतताना हाच क्रम उलटा, आणि ‘सगळे जहाजावर’ची वेळ सुटण्याच्या आधीची असल्यामुळे त्यात आणखी थोडी कपात. जहाज दिवसभर बंदरात होतं, पण रोममध्ये आम्हाला मिळाली ती जेमतेम दुपार. कोलोसियम बाहेरून बघितलं, एका चौकात बसलो आणि घड्याळ बघत परत निघालो.

यात फसवणूक अशी काही नाही, कार्यक्रमात बंदराचं नावही दिलेलं असतं. पण ते कसं वाचायचं हे कळायला हवं. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, तिथून पॅरिस दोनशे किलोमीटरच्या आसपास. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे, म्हणजे एका बाजूनेच जवळपास तीन तासांचा प्रवास. ज्याला शहरं बघायची आहेत, त्याने नकाशा उघडून बंदर आणि शहर यांच्यातलं अंतर मोजल्याशिवाय बुकिंग करू नये असं मला मनापासून वाटतं.

त्या जहाजावरचे दिवस मात्र मला खरंच आवडले. मला गर्दीची धास्ती होती, पण मोठ्या जहाजावरची गर्दी सगळीकडे आणि सगळ्या वेळी सारखी नसते. जहाज बंदरात असताना जो मागे थांबतो, त्याला अख्खा तलाव मोकळा मिळतो. दिवसभर समुद्रातच असलो की मात्र सकाळी लवकर खुर्ची धरून ठेवणाऱ्यांची झुंबड. शिवाय प्रत्येक मोठ्या जहाजावर कुणी फारसं न फिरकणारा एखादा कोपरा असतोच. आम्हाला तो खालच्या प्रोमनाड डेकवर, लाइफबोटींच्या खाली सापडला. तिथे पाणी जवळ होतं आणि संगीत ऐकू येत नव्हतं. नवरा संध्याकाळी तिथेच बसलेला असे.

जहाज किती ‘भरलेलं’ वाटेल याचा अंदाज आधी घेता येतो, आणि ही गोष्ट मला फार उपयोगी पडली. ग्रॉस टनेज हा आकडा वजनाचा वाटतो, पण तो असतो जहाजाच्या आतल्या एकूण घनफळावर काढलेला. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की दर माणशी जागेचा ढोबळ हिशेब मिळतो. २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघालेलं आयकॉन ऑफ द सीज घ्या: २,४८,६६३ ग्रॉस टनेज, वीस डेक, आणि दर केबिनमध्ये दोघं धरले तर ५,६१० प्रवासी. भागाकार येतो ४४ च्या आसपास. वायकिंग कंपनीच्या ९३० प्रवाशांच्या समुद्री जहाजांचं टनेज साधारण ४७,८००, म्हणजे भागाकार ५१. आकाराने पाचपट लहान जहाजात दर माणशी जागा उलट थोडी जास्तच. म्हणून ‘मोठं म्हणजे ऐसपैस’ हे समीकरण डोक्यातून काढून टाकावं. एक लक्षात ठेवायचं, हा हिशेब दर केबिनमध्ये दोघांचा असतो. शाळांना सुट्ट्या असताना तिसऱ्या-चौथ्या पलंगावर मुलं येतात आणि आकडा फुगतो. आयकॉनचीच कमाल क्षमता ७,६०० आहे.

यानंतर नवरा आणि मी दोघंच क्रोएशियाला गेलो, ते चाळीसच्या आत प्रवासी असलेल्या छोट्या जहाजावर. स्प्लिटहून दुब्रोव्हनिककडे, वाटेत बेटं. इथे सगळं चित्रच वेगळं. जहाज थेट गावाच्या धक्क्याला लागायचं. कोर्चुलाला फळी ओलांडली की समोरच जुन्या गावाची भिंत. रात्री जहाज बंदरातच मुक्काम करायचं, त्यामुळे दिवसाचे पाहुणे निघून गेल्यावरचं गाव बघायला मिळालं. दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकायचे आणि मागच्या शिडीवरून सगळे थेट समुद्रात.

धक्क्यावर जागा कमी असल्यामुळे तिथली छोटी जहाजं एकमेकांना खेटून, बाजूला बाजू लावून बांधतात. ह्वारला आमचं जहाज रांगेत सगळ्यात बाहेरचं होतं. गावात जायचं तर शेजारच्या जहाजाच्या डेकवर पाय टाकायचा, त्यांच्या जेवणघरातून वाट काढायची, मग पुढच्या जहाजावर, मग किनारा. दोन जहाजांमधल्या फटीत रबरी फुगे करकरत होते आणि कठड्याची फाटकं एकमेकांसमोर नीट येत नव्हती. एक खलाशी हात धरून प्रत्येकाला पलीकडे देत होता. मला त्यात गंमत वाटली. पण आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी दोन्हीकडचं अंतर बघितलं आणि त्या मागे फिरल्या. ती संध्याकाळ त्यांनी जहाजावरच काढली. सासूबाईंच्या सहलीचा विचार करताना मला पहिल्यांदा आठवल्या त्या याच बाई. त्या जहाजाला लिफ्ट नव्हती, केबिन खालच्या मजल्यावर होत्या आणि जिना शिडीसारखा उभा.

वाऱ्याचंही तसंच. दक्षिणेकडून युगो वारा सुटला तेव्हा कप्तानाने नाश्त्याच्या वेळी येऊन सांगितलं की आज व्हिस बेटावर जाणं नाही. मोठी जहाजंही वाऱ्यामुळे बंदर वगळतात, पण छोट्यांच्या बाबतीत हे जास्त वेळा होतं, आणि झालं तर दिवसभर करण्यासारखं जहाजावर दुसरं काही नसतं. माझ्या मते छोट्या जहाजाचा खरा कस अशा दिवशी लागतो. आम्हाला चांगली सोबत लाभली, पत्ते आणि गप्पांत दिवस गेला. जेवणाची टेबलं मोजकी, माणसं मोजकी. ती पटली तर सहल रंगते, नाही पटली तर आठवडाभर सुटका नाही. मोठ्या जहाजावर हा प्रश्नच येत नाही.

आता नॉर्वे. घरात मतं ठरलेली होती. मुलांना घसरगुंड्या असलेलं मोठं जहाज हवं होतं. जावेला छोटंच हवं होतं, कारण तिने अरुंद फ्योर्डमधून, म्हणजे उंच कड्यांमधल्या खोल समुद्री खाडीतून, जाणाऱ्या छोट्या जहाजांचे फोटो बघितले होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मला डोंगर जवळून दाखवा एवढंच. फक्त पायऱ्या नकोत आणि लोंबकळणारी होडी नको.” गुडघे दुखतात, काठी घेऊन हळू चालतात, पण हौस दांडगी. जहाज निवडायला त्यांचं हे एक वाक्य मला मुलांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

मी जहाजं बाजूला ठेवून आधी बंदरांची यादी केली. प्रत्येक बंदरासमोर तीन गोष्टी लिहिल्या: जहाज धक्क्याला लागतं की बाहेर नांगर टाकून टेंडरने, म्हणजे छोट्या होडीने, नेतात, किती तास मिळतात, आणि त्या दिवशी तिथे दुसरी किती जहाजं आहेत. पहिली गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरांत किंवा नांगराच्या खुणेने दिलेली असते. तिसरी कंपनी सहसा सांगत नाही, पण बंदरं आपली वेळापत्रकं स्वतः प्रसिद्ध करतात, तिथे तारीख टाकून बघता येतं.

टेंडरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टेंडर म्हणजे जहाज ते किनारा ने-आण करणारी होडी, बऱ्याचदा जहाजाची लाइफबोटच. एका फेरीत साधारण शंभर-सव्वाशे माणसं. तीन हजार प्रवाशांचं जहाज असेल तर नंबर लावायचा, बोलावणं येईपर्यंत बसायचं, आणि परतताना किनाऱ्यावर उन्हात पुन्हा रांग. सँटोरिनीचं उदाहरण अनेकांनी अनुभवलं असेल. खाली जुन्या बंदरात टेंडर सोडतं आणि वरच्या फिरा गावात जायला केबल कार किंवा ५८८ पायऱ्या. जहाज शंभर माणसांचं असेल तर हे काम चुटकीसरशी होतं. शिवाय जहाज आणि टेंडर दोन्ही हलत असतात. लाट जास्त असेल तर व्हीलचेअरवरच्या किंवा पाय अस्थिर असलेल्या प्रवाशाला कर्मचारी उतरू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून घरात वयस्कर माणूस असेल तर जहाज किती मोठं यापेक्षा किती बंदरांत टेंडर आहे हे आधी मोजावं.

काही ठिकाणी निवड करायचं कामच उरत नाही, तिथे नियमच निवड करतो. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी उतरवत नाहीत, आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरता येत नाही, नुसतं डेकवरून बघायचं. गालापागोसमध्ये जहाजाची मर्यादाच शंभर प्रवाशांची आहे. व्हेनिसच्या जुद्देक्का कालव्यातून २५,००० टनेजहून मोठी जहाजं १ ऑगस्ट २०२१ पासून जाऊ शकत नाहीत. सेंट मार्क चौकासमोरून जाणाऱ्या अजस्र जहाजांचे जुने फोटो बघून कुणी बुकिंग करत असेल, तर त्याला हे सांगायला हवं.

नॉर्वेच्या बाबतीतही मला असाच एक नियम सापडला आणि त्याने जावेचा हट्ट जवळजवळ निकालात काढला. गाइरांगरफ्योर्ड आणि नेरॉयफ्योर्ड हा परिसर २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नॉर्वेने तिथे १०,००० टनेजपेक्षा लहान प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून शून्य उत्सर्जनाची अट लावली आहे. मोठ्या जहाजांना तीच अट २०३२ पासून लागू होणार. म्हणजे सध्या काही वर्षं अशी आहेत की नेहमीच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या जहाजाला या फ्योर्डमध्ये मज्जाव आणि मोठ्याला परवानगी. छोट्यांना आधी बदलणं जमेल, मोठ्यांना वेळ लागेल, असा त्यामागचा विचार समजतो. नियम मला योग्य वाटतो आणि २०३२ ची तारीख पुढे ढकलली जाऊ नये असंही वाटतं. पण आमच्यासाठी अर्थ सरळ होता: छोटं जहाज घेतलं, तर ज्या दोन फ्योर्डसाठी निघालो तेच हुकण्याची शक्यता.

मधला एक पर्याय दिराने काढला, बर्गनहून किर्केनेसपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी टपालाची जुनी जहाजसेवा. १८९३ पासून चालत आलेली, वाटेत ३४ बंदरं, माल आणि स्थानिक माणसं चढत-उतरत असतात. मला ही कल्पना फार आवडली आणि कधीतरी मी तिने जाणारच. पण पूर्ण फेरीला बारा दिवस लागतात, काही थांबे पंधरा-वीस मिनिटांचे, काही मध्यरात्रीचे, आणि मुलांना जहाजावर करण्यासारखं फार थोडं. या वेळच्या मंडळींना ते झेपलं नसतं.

शेवटी मार्ग निघाला तो माझ्या बंदरांच्या यादीतल्या फ्लॉमच्या पानावर. फ्लॉम हे फ्योर्डच्या टोकाशी असलेलं, जेमतेम काही शे वस्तीचं गाव. तिथे मोठं जहाज थेट धक्क्याला लागतं, टेंडर लागत नाही. धक्क्यापासून चार पावलांवर रेल्वे स्टेशन, जिथून सुटणारी गाडी वीस किलोमीटरमध्ये ८६० मीटरहून अधिक चढते. आणि त्याच धक्क्याजवळून गुदवांगेनला जाणारी विजेवरची शांत बोट निघते, ती नेरॉयफ्योर्डमधूनच जाते. हा फ्योर्ड सगळ्यात अरुंद जागी फक्त २५० मीटर रुंद आहे. बोटीच्या वरच्या डेकवर जायला बाहेरून उताराची वळणावळणाची वाट केलेली आहे. परत यायला बोगद्यातून बस, वीसेक मिनिटं. म्हणजे झोपायला मोठं जहाज आणि डोंगर जवळून बघायला छोटी बोट. जावेला मी बोटीचे फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, “वहिनी, मला हेच तर हवं होतं, जहाज कुठलंही घ्या.”

मग जहाज ठरवणं सोपं गेलं. अगदी अवाढव्य नाही, दोन हजारांच्या आसपास प्रवाशांचं, मुलांसाठी वेगळी जागा असलेलं, लिफ्ट मुबलक आणि दवाखाना असलेलं निवडलं. घसरगुंडी एकच आहे, मुलं थोडी हिरमुसली. केबिन निवडताना डेकचा नकाशा नीट बघितला. मधल्या भागात, खालच्या डेकवर हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. स्टॅबिलायझरचे पंख जहाजाचं डावी-उजवीकडे डोलणं आवरतात, पण पुढे-मागे आपटणं आवरत नाहीत. त्यामुळे नाकाजवळची केबिन कितीही मोठी मिळाली तरी मळमळणाऱ्या माणसाने घेऊ नये. सासूबाईंची केबिन लिफ्टजवळ, पण दारासमोर लिफ्ट येणार नाही अशी, आणि वरखाली दोन्ही मजल्यांवर केबिनच असतील अशी बघितली. तलावाच्या खालच्या केबिनमध्ये भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, हे मी पहिल्या सहलीत ऐकलेलं आहे. वयस्कर माणसासोबत जाताना विम्यात आजारपणात समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, एवढंही वाचून घ्यावं. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो, छोट्यावर आहे का ते विचारूनच घ्यायचं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. गाइरांगरला २०१३ पासून तरंगता धक्का आहे, जहाजातून चालत किनाऱ्यावर जाता येतं, पण त्यावर एका वेळी एकच जहाज लागतं. आमच्या तारखेला तिथे आणखी एक जहाज आहे आणि धक्का कुणाला मिळणार ते कंपनीने अजून कळवलेलं नाही. मी लेखी विचारलं आहे. सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “तो सात बहिणींचा धबधबा जहाजावरून दिसतो ना?” दिसतो, आत शिरतानाच दिसतो. “मग होडी असली तर मी वर डेकवर बसेन, तुम्ही मुलांना घेऊन उतरा. पण फ्लॉमच्या बोटीचं माझं तिकीट आधी काढून ठेव.” ती तिकिटं वेगळी काढावी लागतात. जहाज धक्क्याला लागण्याच्या वेळेनंतर दीड तासाने सुटणाऱ्या बोटीची काढली आहेत, म्हणजे उतरताना रांग लागली तरी त्यांना घाई करावी लागणार नाही.